निरोपाची तारीख करारातच हवी

२००८ सालच्या जुलैअखेरीस ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल क्लबचे अध्यक्ष मार्क मर्फी विमानाने मिसिसिपीला गेले. क्लबकडून सोळा वर्षं खेळलेला क्वार्टरबॅक ब्रेट फार्व तिथे राहत होता. मर्फींनी सोबत एक प्रस्ताव नेला होता. क्लबच्या प्रचारासाठी दहा वर्षांचा करार, आणि रक्कम दोन कोटी डॉलर्सच्या आसपास, असं त्या वेळच्या बातम्यांत होतं. अट एकच. फार्वने निवृत्तच राहायचं. पुन्हा मैदानात उतरायचं नाही, आमच्याकडून नाही आणि दुसऱ्या कुणाकडूनही नाही.

फार्व तेव्हा ३८ वर्षांचा होता. नुकत्याच संपलेल्या हंगामात संघाने त्याच्या जोरावर सोळापैकी तेरा सामने जिंकले होते. मार्चमध्ये भर पत्रकार परिषदेत रडत त्याने निवृत्ती जाहीर केली आणि उन्हाळा लागेपर्यंत त्याला वाटू लागलं की आपण घाई केली. तोवर क्लबने ॲरन रॉजर्सवर मदार ठेवली होती. रॉजर्स म्हणजे २००५ सालच्या ड्राफ्टमध्ये (क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) पहिल्या फेरीत निवडलेला, तीन वर्षं बाकावर बसून शिकलेला २४ वर्षांचा पोरगा. फार्वचं म्हणणं होतं, मला खेळायचंय, तुम्हाला मी नको असेन तर मला मोकळं करा. क्लबने दोन्हीला नकार दिला. जागा रॉजर्सची राहील, आणि तुला मोकळंही करणार नाही.

या प्रकरणाची चर्चा निघाली की माणसं लगेच बाजू घेतात. कुणी म्हणतं म्हातारा हटवादी, कुणी म्हणतं क्लब कृतघ्न. मी गेली कित्येक वर्षं हा वाद ऐकतोय, आणि मला वाटतं दोन्ही बाजू स्वभावावर बोट ठेवतात आणि कागद वाचायचा विसरतात. क्लबला तरुण खेळाडू निवडायचा पूर्ण हक्क आहे, आणि २००८ साली पॅकर्सनी निवडलेला खेळाडू बरोबरच होता. पण ज्याला आपण खेळवणार नाही, त्याला इतर कुठेही खेळू न देता धरून ठेवायचा हक्क कुठल्याही क्लबला असता कामा नये. आणि ही गोष्ट कुणाच्या चांगुलपणावर सोडून भागणार नाही. ती करारात, तारखेसकट लिहिलेली असायला हवी.

मी विस्कॉन्सिनमध्ये ग्रीन बेपासून तासाभराच्या अंतरावर राहतो. नोकरीसाठी इथे आलो तेव्हा या खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी इतकंच सांगतो. आक्रमणाची जवळपास प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातातून सुरू होते. चेंडू हातात आल्यावर त्याच्याकडे दोन-तीन सेकंद असतात, समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याला आडवं करायला धावत येत असतात, आणि तेवढ्यात चेंडू कुणाकडे फेकायचा हे त्याला ठरवावं लागतं. संघात ५३ खेळाडू असतात, पण हरलं तर दोष त्याचा आणि जिंकलं तर फोटो त्याचा. फार्व या जागेवर पॅकर्ससाठी साखळीतले सलग २५३ सामने खेळला. अंगठा मोडलेला असताना खेळला, घोटा सुजलेला असताना खेळला. २००३ च्या डिसेंबरात वडील वारले आणि दुसऱ्या दिवशी ओकलंडमध्ये तो मैदानात उतरला. त्या रात्री त्याने ३९९ यार्ड चेंडू फेकला आणि चार टचडाउन, म्हणजे या खेळातले गोलच, करून दिले. त्याआधी १९९६ साली वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन लागल्याचं त्याने स्वतः जाहीर केलं होतं आणि उपचार घेतले होते. त्या गोळ्या पोटात कशासाठी जात होत्या हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. रविवारी उभं राहता यावं म्हणून.

(फार्व संत नव्हे. मिसिसिपीतल्या गरिबांसाठीच्या कल्याण निधीच्या घोटाळ्यात त्याचं नाव आलं, त्याने ११ लाख डॉलर्स परत केले. त्याच्यावर फौजदारी आरोप झाले नाहीत, पण ते पैसे मुळात घ्यायलाच नको होते असं मला वाटतं. २०२४ साली अमेरिकी संसदेच्या समितीसमोर त्याने आपल्याला पार्किन्सन्स झाल्याचं सांगितलं. या लेखात मी त्याच्या चारित्र्याची बाजू मांडत नाही. माणूस आवडणारा असो वा नसो, करार न्याय्यच हवा.)

आता ग्रीन बे गावाबद्दल थोडं, कारण त्याशिवाय हे भांडण कळत नाही. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधले बाकीचे क्लब कुणा ना कुणा धनाढ्य माणसाचे किंवा कुटुंबाचे आहेत. पॅकर्स मात्र १९२३ पासून समभागधारकांचा आहे. लाखभर वस्तीचं गाव, आणि क्लबचे समभागधारक पाच लाखांच्या वर. या समभागावर लाभांश मिळत नाही, तो बाजारात विकता येत नाही. लोक तो विकत घेतात, चौकट करतात आणि भिंतीवर लावतात. माझ्या शेजारी कागदगिरणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांच्या तळघरात असा एक समभाग आहे, १९९७ साली दोनशे डॉलर्सना घेतलेला. त्यांनी तो मला पहिल्यांदा दाखवला तेव्हा बायकोने चहा ओतेपर्यंत त्यावरच बोलत होते. सूर असा, की जणू सातबाऱ्यावर नाव आहे.

क्लब लोकांचा असला की खेळाडूशी वागणूकही मायेची असेल, असं मला भाबडेपणाने वाटलं होतं. उलटंच घडतं. पाच लाख मालक असले की प्रत्येकाला वाटतं, हा खेळाडू आपला आहे. आणि आपला म्हटला की त्याने जाऊ नये, गेला तर शत्रूकडे जाऊ नये, थांबला तर कुरकुर करू नये, असं सगळं ओघाने येतं. प्रेमातला हा हक्क मला समजतो. पण कराराची भाषा या प्रेमाआड लपते, म्हणून ती उघड करून सांगायला हवी.

एनएफएलमधला मोठा करार बातमीत दिसतो तसा नसतो. दहा वर्षांचे दहा कोटी डॉलर्स असं छापून येतं, पण त्यातला हमीचा भाग ठरलेला असतो आणि उरलेला क्लबच्या मर्जीवर. पुढच्या वर्षी खेळाडू नको असेल तर क्लब त्याला काढून टाकतो आणि उरलेला पगार विझतो. खेळाडूला मात्र असा दरवाजा नाही. त्याला क्लब आवडेनासा झाला, प्रशिक्षक बदलला, संघ उतरणीला लागला, तरी करार संपेपर्यंत तो बांधलेला. करार संपला तरी क्लब त्याच्यावर ‘फ्रँचायझी टॅग’ लावून आणखी एक वर्ष अडकवू शकतो. दुसऱ्या क्लबशी अदलाबदल करताना त्याची संमतीही लागत नाही, करारात तसं खास लिहून घेतलं असेल तरच लागते. आपल्या आयपीएलवर व्यापारीपणाची टीका होते आणि ती खोटी नाही, पण तिथे निदान अदलाबदलीला खेळाडूचा होकार लागतो.

मग खेळाडूच्या हातात उरतं काय? न येणं. सराव शिबिराला न जाणं हे त्याचं एकमेव हत्यार. तेही खेळाडूंची संघटना आणि मालक यांच्यातल्या २०२० च्या सामूहिक करारात बोथट झालं. करारात असलेला अनुभवी खेळाडू शिबिराला आला नाही तर दिवसाला ५० हजार डॉलर्स दंड, आणि क्लबला तो माफ करायची मुभाही नाही. पूर्वी तडजोड झाली की दंड गुपचूप सोडून दिला जायचा. आता तीही वाट बंद.

फार्वचा करार २००१ सालचा. दहा वर्षांचा, सुमारे दहा कोटी डॉलर्सचा. गावात त्याला ‘आजन्म करार’ म्हणायचे. सही झाली त्या दिवशी सगळे खूश होते, कारण याचा अर्थ फार्व मरेपर्यंत आपला. सात वर्षांनी त्याच कराराने त्याचे पाय बांधले. करार २०१० पर्यंत जिवंत होता, म्हणून त्याच्यावरचा हक्क क्लबकडे होता. २००८ च्या हंगामाचा त्याचा पगार १ कोटी २० लाख डॉलर्स होता. क्लबला तो पगार द्यायचा नव्हता, त्याला खेळवायचं नव्हतं, आणि सोडायचंही नव्हतं.

का सोडायचं नव्हतं? मिनेसोटा व्हायकिंग्समुळे. शेजारचं राज्य, एकाच गटातला हाडवैरी, आणि त्यांना क्वार्टरबॅक हवाच होता. मोकळा केला तर फार्व सरळ तिकडे जाईल आणि वर्षातून दोनदा आपल्याविरुद्ध उभा राहील. ही भीती खरी होती. क्लबच्या बाजूने बोलणाऱ्यांचं दुसरं म्हणणंही दमदार आहे. निवृत्ती त्याने स्वतः घेतली होती, कुणी ढकललं नव्हतं. आधीची दोन-तीन वर्षं दर वसंतात ‘खेळू की नको’ हा घोळ त्याने घातला होता. क्लबने त्याच्या शब्दावर विसंबून आपली घडी बसवली. आता तो जुलैत दारात उभा राहिला म्हणून रॉजर्सला पुन्हा बाकावर बसवायचं का?

नाही बसवायचं. इथे मी क्लबच्या बाजूने आहे. त्या उन्हाळ्यात सरावाच्या वेळी रॉजर्सला काही प्रेक्षकांनी हुर्यो केलं, ते मला लाजिरवाणं वाटतं. त्या पोराने काय गुन्हा केला होता? पण फार्वला न खेळवण्याचं हे कारण आहे. त्याला दुसरीकडे खेळू न देण्याचं ते कारण होत नाही. शब्द फिरवणाऱ्या माणसाला आपण नोकरीवर परत घेणार नाही, इथवर ठीक. पण मग दाखला तरी द्या, म्हणजे दुसरीकडे काम मिळेल. दाखलाही द्यायचा नाही आणि कामही द्यायचं नाही, हे कुठल्या कारखान्यात चाललं असतं?

३ ऑगस्टला फार्व विमानाने ग्रीन बेला आला. विमानतळाच्या कुंपणाशी लोक वाट बघत उभे होते. प्रशिक्षक माइक मॅकार्थींशी त्याचं तासन्‌तास बोलणं झालं आणि दोन-तीन दिवसांत क्लबने त्याला न्यू यॉर्क जेट्सला देऊन टाकलं. बदल्यात मिळाली ती पुढच्या वर्षीची तिसऱ्या फेरीतली निवड, म्हणजे ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडायची एक पाळी. शिवाय अट अशी घातली की जेट्सनी त्याला व्हायकिंग्सना दिलं तर पॅकर्सना पहिल्या फेरीतल्या तीन निवडी द्याव्या लागतील. म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकायची.

तरी एका वर्षात ते कुलूप उघडलं. जेट्सकडून एक हंगाम खेळून फार्वने पुन्हा निवृत्ती घेतली, जेट्सनी त्याला मोकळं केलं, आणि २००९ च्या ऑगस्टमध्ये तो व्हायकिंग्सच्या जांभळ्या कपड्यांत उभा राहिला. चाळिशी गाठत असताना त्याने त्या हंगामात ३३ टचडाउन फेकले आणि चेंडू फक्त सात वेळा प्रतिस्पर्ध्यांच्या हाती दिला. पॅकर्सना त्याने दोनदा हरवलं. दुसऱ्यांदा १ नोव्हेंबरला, ग्रीन बेच्या लॅम्बो मैदानावर, ३८–२६. सोळा वर्षं ज्या मैदानाने त्याला डोक्यावर घेतलं होतं, ते सबंध मैदान त्या दिवशी त्याच्या नावाने बोंबलत होतं.

माझ्या शेजाऱ्यांनी त्याच आठवड्यात एक काम केलं होतं. त्यांच्याकडे फार्वची चार नंबरची हिरवी जर्सी होती. तिच्या पाठीवरच्या नावावर त्यांनी काळी चिकटपट्टी लावली. वायरिंगला वापरतात ती. जर्सी फेकली नाही, कुणाला दिली नाही, नाव झाकून कपाटाच्या खणात ठेवली. मला त्यांनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात राग उरलेला नव्हता, संकोच होता.

आता हिशेब करू. क्लबला ज्याची भीती होती ते सगळं घडलं. फार्व वैऱ्याकडे गेला, दोनदा जिंकला, घरच्या मैदानावर जिंकला. आणि पॅकर्सचं काय बिघडलं? पुढच्याच हंगामात, २०११ च्या फेब्रुवारीत, रॉजर्सने पिट्सबर्गला ३१–२५ असं हरवून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला. फार्वच्या बदल्यात आलेली ती तिसऱ्या फेरीतली निवड क्लबने इतर निवडींबरोबर देऊन क्ले मॅथ्यूज घेतला होता. अंतिम सामन्यात निर्णायक वेळी चेंडू हिसकावणारी धडक त्यानेच दिली. फार्वला २००८ सालीच मोकळं केलं असतं तर क्लबने फार तर ही एक निवड गमावली असती. त्याबदल्यात जे गेलं ते मोजायला गावाला सात वर्षं लागली. २०१५ च्या जुलैत त्याचा नंबर निवृत्त करायचा सोहळा झाला, सामना नसतानाही मैदानात ६७ हजार माणसं जमली, आणि तेव्हा कुठे दोन्ही बाजूंना मोकळा श्वास मिळाला. माझ्या शेजाऱ्यांनी त्या संध्याकाळी पट्टी काढली. डिंकाचा चिकट डाग नावावर राहिला आहे. त्यांनी तो रॉकेलने पुसून पाहिला, गेला नाही.

हेच दुसऱ्या रीतीने होऊ शकत होतं. हे काही स्वप्नरंजन नव्हे, फार्वच्या प्रकरणानंतर चारच वर्षांनी इंडियानापोलिस कोल्ट्स या क्लबने करून दाखवलं.

पेटन मॅनिंग कोल्ट्सकडे १९९८ पासून होता. मानेच्या शस्त्रक्रियांमुळे २०११ चा अख्खा हंगाम तो खेळला नाही, संघ सोळापैकी चौदा सामने हरला, आणि त्यामुळे पुढच्या निवडीत पहिला क्रमांक कोल्ट्सच्या वाट्याला आला. समोर अँड्र्यू लक होता. प्रश्न तोच, ग्रीन बेचाच. ३५ वर्षांचा दैवत क्वार्टरबॅक, ज्याची मान सावरेल की नाही हे कुणालाच ठाऊक नाही, आणि दारात उभा असलेला तरुण. कोल्ट्सनी तरुणच निवडला. पण ७ मार्च २०१२ रोजी मालक जिम अर्से आणि मॅनिंग एकाच मंचावर आले, दोघेही रडले, आणि क्लबने त्याला बिनशर्त मोकळं केलं. अदलाबदल नाही, अमुक संघात जाऊ नकोस अशी अट नाही. त्याने क्लब बघितले, डेन्व्हर निवडलं, २०१३ च्या हंगामात ५५ टचडाउन फेकून विक्रम केला आणि २०१६ च्या फेब्रुवारीत सुपर बोल जिंकून थांबला. कोल्ट्सनीही लकच्या पहिल्याच हंगामात अकरा सामने जिंकले. २०१७ साली त्याच क्लबने आपल्या मैदानाबाहेर मॅनिंगचा पुतळा उभारला.

इंडियानापोलिसची माणसं ग्रीन बेपेक्षा सज्जन आहेत, असं यातून मुळीच सिद्ध होत नाही. फरक कागदात होता. मॅनिंगच्या करारात असं कलम होतं की ८ मार्चला तो क्लबमध्ये असेल तर त्याला २ कोटी ८० लाख डॉलर्सचा बोनस द्यावा लागेल. त्या तारखेने क्लबला निर्णय घ्यायला लावला. ठेवायचं तर पैसे मोजा, नाहीतर सोडा. अधांतरी लटकवून ठेवायची सोयच नव्हती. आणि सोडायचंच आहे म्हटल्यावर माणसं एकमेकांशी बरी वागली. रडायलाही उसंत मिळाली.

मला ही तारीख फार महत्त्वाची वाटते. माझे वडील एसटीत चालक होते. नोकरीला लागले त्या दिवशीच त्यांना माहीत होतं की ५८ पूर्ण झाली की थांबायचं. शेवटच्या फेरीला डेपोतल्या लोकांनी गाडीला झेंडूचा हार घातला, घरी आईने ओवाळलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते सवयीने साडेचारला उठून ओट्याजवळ बसून राहिले. थांबणं त्यांनाही जड गेलंच. पण त्यांना कुणी हटवादी म्हटलं नाही आणि महामंडळाला कुणी कृतघ्न म्हटलं नाही, कारण कुणी कुणाला ढकललेलं नव्हतं. तारीख आधीच ठरलेली होती. खेळात वयाची अशी तारीख ठरवता येत नाही हे मान्य. कुणी ३२ व्या वर्षी संपतो, कुणी ४३ व्या वर्षी जिंकतो. पण निर्णयाची तारीख ठरवता येते.

टॉम ब्रेडीने ती ठरवून घेतली. न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडे त्याने वीस हंगाम काढले, सहा अजिंक्यपदं मिळवून दिली, आणि त्यातली बरीच वर्षं बाजारभावापेक्षा कमी पैसे घेतले, म्हणजे उरलेल्या पैशात संघ बांधता येईल. ४२ पूर्ण होताना त्याला पुढच्या काही वर्षांची शाश्वती हवी होती आणि क्लब वर्षावर्षाने बोलत होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तोडगा निघाला. त्या हंगामाचा पगार वाढवून २ कोटी ३० लाख झाला, कागदावर पुढची दोन वर्षंही दाखवली, पण ती हंगाम संपताच आपोआप रद्द होतील आणि क्लबला फ्रँचायझी टॅग लावता येणार नाही, हे लिहून घेतलं. २०२० च्या मार्चमध्ये तो टॅम्पा बेला गेला. कुणी अडवलं नाही, कारण अडवायला काही नव्हतं. पुढच्या फेब्रुवारीत, ४३ व्या वर्षी, त्याने सुपर बोल जिंकला. पेट्रियट्स त्या हंगामात बाद फेरीतही पोचले नाहीत. बॉस्टनच्या लोकांना दुःख झालं, पण त्याच्या जर्सीवर चिकटपट्टी लावावीशी वाटावी असं काही घडलं नाही.

पण ब्रेडी होता म्हणून ते कलम मिळालं. सहा अजिंक्यपदं खिशात असलेल्या माणसाला जे मिळतं ते इतरांना मिळेलच असं नाही, आणि हाच माझा मुद्दा आहे. ॲरन रॉजर्सकडेच बघा. ज्याला फार्वच्या जागी आणलं, त्याच्या जागी २०२० साली पॅकर्सनी जॉर्डन लव्हला पहिल्या फेरीत निवडलं, आणि त्याबद्दल रॉजर्सला आधी कळवलंही नाही. त्याच हंगामात तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०२१ च्या जूनमधल्या छोट्या शिबिराला तो आला नाही, जुलैअखेर आला, आणि पत्रकारांसमोर बसून त्याने स्वतःच्या पैशांपेक्षा जास्त वेळ दुसऱ्यांबद्दल बोलण्यात घालवला. क्लबने वर्षानुवर्षं खेळलेल्या माणसांना जाताना नीट निरोप दिला नाही, असं म्हणत त्याने जुन्या सहकाऱ्यांची नावं घेतली. यातल्या बहुतेकांकडे क्लबला अडवायची ताकद कधीच नव्हती. रॉजर्सकडे होती, म्हणून त्याचा करार एक वर्षाने आखूड झाला. शेवटी २०२३ साली तोही जेट्सकडेच गेला आणि पहिल्याच सामन्यात, चार चाली खेळून, त्याच्या टाचेची शीर तुटली.

पैशांचा आक्षेप राहतो. पगारावर कमाल मर्यादा आहे. २०२४ साली ती क्लबमागे साडेपंचवीस कोटी डॉलर्स होती आणि आघाडीचा एकटा क्वार्टरबॅक वर्षाला पाच-साडेपाच कोटी घेत होता. म्हाताऱ्या क्वार्टरबॅकला आणखी हक्क दिले तर तोटा उरलेल्या ५२ जणांचा, असं म्हणतात. पण मी जे मागतोय त्याला एक डॉलरही लागत नाही. मोकळं करणं म्हणजे उलट पगार वाचवणं. मी जास्त पैसे मागत नाही, बाहेर पडायचं दार मागतो.

नियम साधा असावा. एकाच क्लबकडे दहा हंगाम पूर्ण केलेल्या खेळाडूच्या बाबतीत, त्या जागेवर दुसरा खेळेल असं क्लबने ठरवलं की ठरावीक दिवसांच्या आत दोनच पर्याय राहावेत. खेळाडूच्या संमतीने अदलाबदल, नाहीतर बिनशर्त सुटका. खेळाडूने निवृत्ती जाहीर करून मागे घेतली, तरी हेच लागू. वैरी क्लबात जाईल ही भीती नियमाआड येऊ नये, कारण ती भीती फार्वने खरी करून दाखवली आणि पॅकर्स तरीही जिंकले. क्वार्टरबॅकपुरताच नियम ठेवू नका. जखमांनी शरीर झिजलेल्या बचावफळीतल्या माणसाला कुणी पत्रकार परिषदही देत नाही, त्याला या नियमाची गरज जास्त आहे.

ही गरज यापुढे वाढणार आहे. क्वार्टरबॅकच्या गुडघ्यावर, डोक्यावर धडक मारण्यावर बंधनं आली, तसे हे लोक चाळिशीपर्यंत टिकू लागले. पूर्वी शरीरच निर्णय देऊन टाकायचं. आता तो माणसांना द्यावा लागतो.

खेळाडूंची संघटना आणि मालक यांच्यातला चालू सामूहिक करार २०३० च्या हंगामापर्यंत आहे. पुढच्या वाटाघाटींत पगाराचे टक्के, सामन्यांची संख्या, परदेशातले सामने यांवर महिनोन्‌महिने घासाघीस होईल. त्या यादीत हे कलम संघटनेने आत्ताच घालावं. जॉर्डन लव्हने २०२४ च्या जुलैत पॅकर्सबरोबर चार वर्षांचा, २२ कोटी डॉलर्सचा करार केला. तेव्हा तो २५ वर्षांचा होता, आणि गावात पुन्हा तेच ऐकू येऊ लागलं की हा आता आपला. माझ्या शेजाऱ्यांनी त्याची दहा नंबरची जर्सी घेतली आहे. फार्वच्या जर्सीच्या शेजारी, त्याच खणात ती ठेवलेली असते.